बाबली नावाचा नमुना

आचऱ्याजवळच्या एका वाडीची कौटुंबिक स्थिती मोजण्यासाठी सरकारी सांख्यिकी कक्षातून ओमकार नावाचे अधिकारी आले. पूर्वी अशा कामाला चाळीस घरांचा नमुना घेत. यंदा काटकसरीच्या परिपत्रकान्वये नमुन्याचा आकार एकवर आणण्यात आला होता.

"एका माणसावरून वाडी कशी कळतली?" सरपंच जानकीबाईंनी विचारलं.

"निवड यादृच्छिक आहे, बाई. प्रत्येकाला समान संधी. शास्त्र त्यातच असतं."

ओमकारांनी माशांच्या रिकाम्या टोपलीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, डोळे मिटले आणि एक उचलली. बाबली निघाला. जाळी विणणारा, पंचेचाळिशीचा, एकटा.

"लग्न?"

"जावचा रवला."

"मुलं?"

"लगीनच नाय तर पोरां खंयसून येतली?"

"कारण नको. आकडा सांगा."

"शून्य."

अहवाल वर गेला. वाडीत अविवाहित शंभर टक्के, दरडोई मुलं शून्य, विचलन शून्य. एकही उत्तर दुसऱ्याशी विसंगत नाही, असा अहवाल साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी ओमकारांची पाठ थोपटली आणि वाडीतली शाळा बंद करण्याचा आदेश काढला. मुलं नसलेल्या वाडीत शाळा कशाला?

जानकीबाई झाडून सगळी पोरं घेऊन कार्यालयात धडकल्या. पोरं टेबलाखाली शिरली, खुर्च्यांवर चढली, एकाने पंख्याचं बटण फिरवलं नि कागद उडाले.

"ही मुलं मला दिसतात," ओमकार शांतपणे म्हणाले. "पण दिसणं हा व्यक्तिगत अनुभव झाला. आकडेवारीत ती नाहीत. माझं पेन ज्याने घेतलंय, तो तर मुळीच नाही."

"मगे दुसरी चिठ्ठी काढा!"

"नमुना बदलता येत नाही. नमुन्याची परिस्थिती बदलली, तर नोंद सुधारता येते."

संध्याकाळी वाडीने एकमताने ठरवलं, बाबलीचं लग्न. ज्याला आजवर कुणी मुलगी सुचवली नव्हती, त्याला आता घरोघरी जेवायला बोलवून फोटो दाखवू लागले. बाबली माशाचं कालवण ओरपायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. शेवटी त्याने लाजत नाव सांगितलं. आचऱ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणारी सीता.

सीतेने जानकीबाईंना वाटेला लावलं. "शाळेसाठी लगीन करू? मी काय वर्गातलो फळो आसंय?" मग तिने बाबलीलाच बोलावून घेतलं. "खरा सांग. मी तुका व्हयी काय गावाक?"

"गावाक आता व्हयी झालंस. माका कधीचीच. तोंडातसून शब्द फुटत नव्हतो."

"म्हणान दर बाजाराक सुके बांगडे घेय होतस?"

"तुका बघूक. माका तेंच्यान पित्त होता."

सीता इतकी हसली की शेजारणीने पाणी आणलं. लग्न थाटात झालं.

सुधारित अहवाल गेला. विवाहित शंभर टक्के; मुलं शून्य. आदेश कायम! वाडीची नजर सीतेकडे वळली. दुसऱ्याच दिवशी जानकीबाई डिंकाचे लाडू घेऊन दारात.

"आमी नमुने आसंव, कारखानो न्हय!" सीता कडाडली. मग डोकं लढवून तिने वाडीतली सगळी पोरं आपल्या ओटीवर बसवली आणि ओमकारांना बोलावणं धाडलं. "हीं सगळी माजी. लिवा."

"लग्न तर मागच्या आठवड्यात..."

"कारण नको. आकडा लिवा."

ओमकारांचा नाइलाज झाला. दर घरी सव्वीस मुलं! शाळा वाचली. शिवाय आणखी अकरा मंजूर झाल्या. त्यापाठोपाठ भोंगा लावून कुटुंबनियोजनाचं पथक वाडीत शिरलं आणि "बाबली कोण?" असं विचारू लागलं. बाबलीने होडी पाण्यात ढकलली. त्याच्याआधी सीता तीत बसलेली होती.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर आठवून पाहा. 'राज्यातली नव्वद टक्के जनता समाधानी' अशी बातमी वाचून, चहाचा घोट घेत, तुम्ही मान डोलावली होती. तुम्हाला कुणी विचारलं होतं?