कमरेवरून पगार

माणूस तोंडानं खोटं बोलतो, कागदावर त्याहून सफाईनं बोलतो, पण त्याच्या कमरेला खोटं बोलता येत नाही, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. केमिकल कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं दुकान. कारखान्यातल्या झाडून साऱ्या इंजिनिअरांचे गणवेश बावीस वर्षं त्यांच्याच हातचे. प्रत्येकाचं माप दरवर्षी नव्यानं घ्यायचं आणि वहीत तारखेसकट टिपायचं, हा शिरस्ता. त्या वहीपुढं मास्तर पंचांगालाही विचारत नसत.

तर त्यांच्या मुलीला केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि फीसाठी कर्ज काढायची वेळ आली. मेहुण्यानं लगेच नन्नाचा पाढा सुरू केला.

"दाजी, कर्ज नऊ लाखांचं. पोरगी शिकून बाहेर पडेपर्यंत व्याज धरून बारा. तेवढं फिटेल असा पगार मिळतो का, चौकशी केलीत?"

"चौकशी कशाला? वही आहे."

"वहीत पगार लिहिलेत?"

"कंबरा लिहिल्यात."

मेहुण्याच्या हातातला चहा थबकला.

"बाबा, मी हिशेब मांडलाय," मुलगी म्हणाली. "दाखवू का?"

"तू थांब गं. मोठ्यांचं चाललंय."

मग मास्तरांनी सिद्धान्त उलगडला. नवा इंजिनिअर येतो तेव्हा कंबर अठ्ठावीस, कारण अंगावर कर्ज आणि पोटाला चिमटा. बत्तीस झाली की कर्ज फिटलं. छत्तीसला घर झालं. चाळिशी ओलांडली की खुशाल समजावं, मॅनेजर झाला. "बघ, हा अठ्ठावीस, तीस, बत्तीस. हा तर थेट बेचाळीस. आणि हा..."

मास्तर अडखळले. एका पानावर छत्तीस, चौतीस, एकतीस, एकोणतीस अशी उतरंड लागली होती.

"याला कर्जानं आतून पोखरलं," मेहुणा समाधानानं म्हणाला. "उद्या चारला बँकेची मुदत संपते. सही करायची तर करा. मी आपला सांगून मोकळा."

मास्तरांना रात्रभर डोळ्यांपुढं आपली लेक दिसत होती, दरवर्षी दोन इंचांनी कमी होणारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गळ्यात टेप अडकवून ते कारखान्यात शिरले. "मापं पुन्हा घ्यायचीत," असं सांगून कॅन्टीनमध्ये बसले आणि येईल त्याच्या कमरेभोवती टेप टाकून कानाशी हळूच विचारू लागले, "साहेब, शिक्षणाचं कर्ज होतं का? फिटलं का?"

आता असा प्रश्न शिंप्यानं विचारला तर माणूस काय समजेल? पहिला म्हणाला, कर्जवाल्यांची बढती अडणार. दुसऱ्यानं ऐकलं, ज्यांचं पोट सुटलंय त्यांना टाक्यांवर चढता येत नाही, त्यांना घरी बसवणार. तिसऱ्यापर्यंत घरी बसवणाऱ्यांची यादीही तयार झाली होती. अर्ध्या तासात रांग दारापर्यंत गेली आणि रांगेतला एकूण एक माणूस पोट आत ओढून, जांभळा होऊन उभा. बेचाळीसवाला चौतीस भरला. एकानं तर श्वास इतका आत घेतला म्हणतात, की तो बाहेर काढायला दोन हमाल लागले. मी पाहिलं नाही, पण हमालांना ओळखतो.

शेवटी एकोणतीसवाला आला. मास्तरांनी टेप त्याच्या कमरेला न लावता आधी त्याला खुर्चीवर बसवलं.

"साहेब, खरं सांगा. पोटभर जेवता ना?"

"जेवू नये म्हणून महिन्याला पैसे मोजतो, मास्तर. व्यायामशाळा वेगळी, डाएटवाली बाई वेगळी."

"आणि कर्ज?"

"ते फिटून सहा वर्षं झाली. म्हणून तर हे परवडतं."

मागून बेचाळीसवाल्यानं कोंडलेला श्वास सोडला. "माझे अजून तीन वर्षांचे हप्ते आहेत. दोन्ही वेळा इथंच जेवतो, फुकट आहे म्हणून."

बावीस वर्षांचा सिद्धान्त उलट्या बाजूनं शिवलेल्या सदऱ्यासारखा मास्तरांच्या हातात राहिला.

एवढ्यात कारखान्याच्या मुख्य इंजिनिअर बाई आल्या. "मास्तर, वर यंत्रांपाशी एक माणूस नाही. सगळे इथं श्वास धरून उभे. काय प्रकार आहे?"

मास्तरांनी सगळं कबूल केलं. बाई आधी रागावणार होत्या, पण हसू आधी आलं.

"माझा पहिली पाच वर्षं निम्मा पगार हप्त्यातच जायचा. सहाव्या वर्षी पगार दुप्पट झाला. कुणाचा होतो, कुणाचा नाही. काम आवडत असेल तर ती पाच वर्षं निघतात. मुलीला आवडतं का?"

"ते विचारलं नाही," मास्तर टेप पुन्हा गळ्यात टाकत म्हणाले.

"मग इथं कुणाची मापं घेताय?"

चारला वीस मिनिटं असताना मास्तर बँकेत पोचले. मुलगी आधीच येऊन बसली होती. त्यांनी धापा टाकत विचारलं, "आवडतं का तुला हे?"

"शाळेपासून सांगतेय, बाबा."

"मग झालं तर."

बँकेच्या साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. "जामीनदार वडील. यांच्या उत्पन्नाचा पुरावा?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. साऱ्या कारखान्याच्या कंबरा लिहिल्या होत्या, स्वतःची कमाई कुठं लिहायची राहूनच गेली होती. मुलीनं शांतपणे पिशवीतून फाईल काढली. तीन वर्षांच्या गणवेशांची बिलं, क्रमानं लावलेली, शेवटी प्रत्येक वर्षाच्या कमाईची बेरीज.

साहेबांनी बेरीज वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"शिलाईतून वर्षाला एवढे मिळतात? नव्या केमिकल इंजिनिअरला पहिल्या वर्षी याच्या निम्मेही मिळत नाहीत हो."

मुलगी हळूहळू वडिलांकडे वळली आणि त्यांना नीट न्याहाळू लागली. मग तिची नजर त्यांच्या गळ्यातल्या टेपवर येऊन थांबली.

मास्तरांनी झटकन टेप खिशात कोंबली.

"साहेब," ते म्हणाले, "सही कुठं करायची ते दाखवा. आणि जरा लवकर."