टिटवीच्या गळ्यातली पाटी

एका जंगलात एक शाळा होती, मुलांनो. शाळा म्हणजे एक मोकळा माळ, एक फळा आणि साळुंकीबाई. लाव्ह्यांची, तितरांची, मोरांची मिळून चाळीस पिल्ले तिथे मुळाक्षरे गिरवत.

बाई शिकवायच्या छान. अडचण एकच होती. बाईंनी फळ्याकडे तोंड केले की आभाळाकडे त्यांची पाठ होई, आणि आभाळात एक ससाणा होता. एका वर्षी बाई 'ग' काढत होत्या. 'ग'ची उभी रेघ ओढून वळल्या, तर पहिल्या रांगेतले लाव्ह्याचे पिल्लू नव्हते. तेव्हापासून 'ग' काढताना बाई दोनदा मागे वळून बघत.

याच जंगलातले काही करकोचे फार पूर्वी सातासमुद्रापार गेले होते. तिकडच्या एका प्राणिसंग्रहालयात त्यांची उत्तम सोय लागली होती. सकाळ-संध्याकाळ टोपलीतून मासे येत. डोक्यावर जाळी असे, त्यामुळे ससाणा नावाचा प्रकार ते विसरूनच गेले होते. पोट भरले की मायभूमी आठवते. तशी ती त्यांना आठवली आणि त्यांनी मंडळ काढले. मायभूमीतल्या शिक्षणाचा दर्जा उंचावणे, हा मंडळाचा हेतू.

मंडळाचे अध्यक्ष होते दीर्घचंचू करकोचे. दर हिवाळ्यात ते पंधरा दिवस जंगलात येत, फक्त उकळलेले पाणी पीत आणि दर्जा उंचावून परत जात. पहिल्या वर्षी त्यांनी शाळेला कमान दिली. शाळेला भिंती नव्हत्या, त्यामुळे कमानीतून कुणी येईना. म्हणून दुसऱ्या वर्षी त्यांनी 'कृपया कमानीतूनच यावे' अशी पाटी दिली. तिसऱ्या वर्षी बाक आले. प्रत्येक बाकावर देणगीदाराच्या आईवडिलांची नावे कोरलेली होती. कुणाच्या आईवडिलांवर बसणे बरे दिसत नाही, म्हणून पिल्ले बाकांशेजारी जमिनीवर बसू लागली.

त्याच सुमारास ओढ्याकाठची टिटवी, यमूमावशी, शाळेत आपण होऊन राखणीला उभी राहू लागली. ससाणा दिसला की ती असा काही गलका करी की चाळीसच्या चाळीस पिल्ले बाकांखाली शिरत. बाकांचा हा पहिलाच उपयोग. महिन्याभरात ससाणा तीनदा आला आणि तिन्ही वेळा उपाशी गेला. पण दिवसभर आभाळाकडे बघायचे म्हणजे किडे टिपायला सवड नाही. मावशी वाळत चालली.

चौथ्या वर्षी बाईंनी धीर केला. "साहेब, आता आणखी काही बांधू नका. या मावशीला रोज चोचभर किडे मिळतील एवढं बघा. पिल्लं जगली तर शिकतील."

दीर्घचंचू गहिवरले. विषय मंडळापुढे ठेवतो म्हणाले. टिटवी समुद्र आटवते असे म्हणतात, मुलांनो, पण सातासमुद्रापारच्या मंडळाकडून चोचभर किडे काढणे त्याहून अवघड. वर्षभर बैठका झाल्या. एका सभासदाने विचारले, टिटवीचे उद्घाटन कसे करायचे? दुसऱ्याची शंका अशी की किडे तर खाऊन संपणार, मग दिसणार काय? शेवटी तोडगा निघाला. किडे द्यायचे, पण टिटवीच्या गळ्यात पाटी बांधायची.

पाचव्या हिवाळ्यात पाटी आली. अस्सल काळ्या दगडाची होती. तिच्यावर अध्यक्षांच्या मातोश्रींचे नाव, खाली वडिलांचे, मग मंडळाचे, आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात 'टिटवी'. दोरी गळ्याशी करकचून आवळली, कारण पाटी वाकडी लोंबलेली अध्यक्षांना चालत नसे.

बाई म्हणाल्या, हिला आता ओरडता यायचे नाही. दीर्घचंचू हसले. "बरंच की. आमच्याकडे शाळेत टाचणी पडली तरी ऐकू येते. दर्जा म्हणतात तो हाच."

"राहू द्या बाई," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "किडं मिळालं तर उभी तरी राहीन. मी ओढ्यावर गेले तर वर कोण बघंल?"

लगेच उद्घाटन झाले. फीत कापली आणि फोटोसाठी सगळ्यांना कमानीकडे तोंड करून उभे केले. आभाळाकडे फक्त मावशी बघत होती. ससाणा तिलाच दिसला. तिने चोच उघडली, आवाज फुटला नाही. पुन्हा उघडली. मग ती दगड ओढत, फरफटत धावली आणि पहिल्या रांगेतल्या तितराच्या पिल्लावर पंख पसरून पडली.

पिल्लू वाचले. मावशी गेली. तिला वर नेताना दोरी तुटली आणि पाटी खाली पडली. साळुंकीबाई तिथेच बसून रडल्या. पिल्लांसमोर रडू नये हे त्यांना ठाऊक होते, तरी रडल्या. दीर्घचंचू धावत पाटीपाशी गेले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"नशीब," ते म्हणाले, "टवका उडाला नाही."

त्या वर्षी मंडळ फार हळहळले, आणि कधी नव्हे तो ठराव एकमताने झाला. माळावर मावशीचा दगडी पुतळा उभा राहिला. तो रोज किडे मागत नाही, गलका करीत नाही, आणि त्याच्या चौथऱ्यावर सगळ्या सभासदांची नावे ऐसपैस मावतात. तीच जुनी पाटी मधोमध बसवली आहे. पुतळा चोवीस तास आभाळाकडे बघतो.

बाई आता फळ्याकडे तोंड करीतच नाहीत. त्या आभाळाकडे बघत तोंडीच शिकवतात. शाळेतल्या एकाही पिल्लाला 'ग' काढता येत नाही. ससाणा कधी दमला, तर पुतळ्याच्या डोक्यावर टेकतो. पिल्लांनी नमस्कार करायला रांगेने तिथेच यावे, असा मंडळाचा आग्रह आहे.

तात्पर्य : मुलांनो, मोठे झाल्यावर परदेशी गेलात तरी आपल्या शाळेला विसरू नका. गुप्तदान सर्वांत श्रेष्ठ म्हणतात, पण ते केले कुणी हेच कळत नाही, त्यामुळे त्याच्या भानगडीत पडू नका. आणि शाळेत कुणी जीव तोडून राबत असेल, तर तो मरेपर्यंत थांबा. जिवंत माणसावर नाव कोरता येत नाही.