तारेतून चहा

विजेच्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या मल्लेश्वरममध्ये नाही, असे मी म्हणत नाही. आमच्या टेलिफोनच्या कारखान्यातले लोक म्हणतात. मी आठवण करून दिली, की म्हणतात.

आमची खोली माडीवर, स्वयंपाकघर खाली मागच्या अंगाला. सुट्टीच्या दिवशी चहा मागून मागून घसा बसायचा. मग विचार केला, दिव्याची तार घरभर फिरतेच आहे, तिच्यातूनच आवाज पाठवावा! नवी तार नको, भिंतीला खिळा नको. कारण घरमालकीण नंजम्मा यांनी बजावले होते, की वायरिंगला पुन्हा हात लावलात तर घर खाली करा. म्हणून मी वायरिंगला हात लावला नाही. दोन पेट्या केल्या आणि प्लगात खोचल्या, एक वर, एक स्वयंपाकघरात.

रविवारी उद्घाटन केले. आवाज पोचेल यावर माझाच विश्वास नव्हता, म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अलका, चहा!"

पेटीतून बायको बोलली, "हळू! अहो, हळू!"

यंत्र चालले! खात्रीसाठी आणखी मोठ्याने ओरडलो. पुन्हा "हळू, हळू". मग फाट्‌ असा आवाज झाला आणि पेटी मुकी झाली.

खाली धावलो. नंजम्मांकडे धूर, आणि त्या देवघरापुढे हात जोडून उभ्या. त्यांचा रेडिओ देवांच्या शेजारी, आणि आमच्याच तारेवर! माझे ओरडणे त्यांना नुसती खरखर वाटली, पण अलकाचे "हळू" स्पष्ट ऐकू आले. मराठी त्यांना येत नाही आणि कानडीत हालू म्हणजे दूध. देवघरातून दूध मागितले गेल्यावर भाविक बाईने काय करावे? तांब्याभर दूध त्यांनी रेडिओवर ओतले होते.

खरे सांगावे तर घर जाणार. मी तोंड उघडले, तशी अलकाने डोळे वटारले. मी तोंड मिटले.

नंजम्मा कानडीत म्हणाल्या, "आवाज ओळखला मी. अलकाक्काचा होता."

मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतले.

"देवी तिच्या तोंडून बोलली," असे म्हणून त्या चक्क अलकाच्या पाया पडल्या.

घर वाचले. अलकाला रोज खालून दूध येते. देवीला चुलीपाशी बसवायचे नाही, अशी मला नंजम्मांची सक्त ताकीद आहे. पेट्या मी दुरुस्त केल्या, उत्तम चालतात. रविवारी अलका माडीवर माझ्या खुर्चीत असते, मी खाली स्टोव्हपाशी. पेटीतून अगदी हळू आवाज येतो, "अहो, चहा. साखर स्वल्प कमी."