मुखरसाचा वाद आणि दादंभटांचे कोरडे तोंड

श्रीजिव्हादेवता प्रसन्न. ऐकणारांनी आधी आवंढा गिळावा, मग कान द्यावा. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यीं ऐसे वर्तमान जाहले की, लोणच्याची बरणी पाहतां महाराजांच्या तोंडास पाणी सुटले, आणि महाराजांनी भर दरबारीं पुसिले, "हे पाणी काय वस्तू? आणि येते कशास?" तेव्हां राजवैद्य दादंभट उठोन बोलिले, "महाराज, लाळ म्हणजे निव्वळ पाणी. घास ओला होऊन घशाखाली उतरावा, इतकेच तिचे काम." दरबाराने माना डोलाविल्या, कारण दादंभटांचे बोलणे खोडावयाची चाल तेथे नव्हती. मग अंताजीपंत रसायनी, जे दादंभटांचे गुरुबंधु, गुरुगृहीं एका पानावर जेवलेले, ते हात जोडोन बोलिले, "पाण्याने का भात गोड होतो? नुसता भात पुष्कळ चावावा, आपोआप गोडी येते. ती लाळ करिते. लाळ ही मुखांतली आचारीण आहे." आचारीण म्हणतांच दरबार हसला, आणि दादंभट सर्वांहून मोठ्याने हसले, परंतु महाराज हसले नाहीत. आज्ञा जाहली की, परीक्षा करावी, आणि हरेल त्याने वैद्यकी टाकोन राज्याबाहेर जावे.

मग अंताजीपंतांनी युक्ती सांगितली की, तांदुळाची पातळ पेज वाटींत घ्यावी, तींत लाळ घालावी, वाटी कोमट पाण्यांत ठेवावी, आणि कांहीं वेळाने चाखावी. वाटीस दांत नाहीत आणि जीभ नाही, तेव्हां पेज गोडावली तर लाळेनेच गोडावली. बोलणे चोख, परंतु चाखणार कोण? आपली आपण चाखावी तर साक्ष कोणी मानीना, आणि परक्याचे उष्टे चाखावे तर पंक्तीस कोणी घेईना. तेव्हां महाराजच बोलिले, "आमची घ्या. आमचे उष्टे तो प्रसाद." अंताजीपंतांस वाटले, पेच सुटला. बिचारे फसले ते येथेच. मग महाराजांनी लोणच्याची फोड हुंगोन रुप्याच्या वाटींतल्या पेजेंत लाळ सोडिली, आणि मानकरी "वाहवा, काय धार!" ऐसे बोलिले. थुंकी झेलणे म्हणतात ते त्या दिवशीं सर्वांनी डोळां पाहिले.

वेळ भरतां दादंभटांनी बोट बुडवोन चाखिले, आणि पेज गोड लागली. गूळ नाही, साखर नाही, आणि गोड. खरे सांगावे तर पगडी गेली, आणि गोड नाही म्हणावे तर दुसरा कोणी चाखील. मग जिभेवर गोडी असतांच जीभ वळली, आणि वाटीस नमस्कार करोन बोलिले, "गोड आहे, महाराज! प्रत्यक्ष आपल्या मुखींचा रस, तो गोड नसेल तर काय असेल?" महाराज संतोष पावले, आणि दरबार डोलूं लागला.

अंताजीपंत कळवळोन बोलिले, "महाराज, ही गोडी पेजेची! माझी लाळ घ्या, वाटेल त्याची घ्या, इतकीच गोड होईल." तों एक मानकरी ओरडला, "तुझी थुंकी आणि महाराजांची थुंकी एकच काय रे?" महाराजांच्या कपाळीं आठी पडली. तरी अंताजीपंतांनी आपल्या लाळेची वाटी तयार केली, आणि ती पुढे धरोन हळूच बोलिले, "दादू, माझ्या हातचा अर्धा खाल्लेला लाडू तूं हिसकावून खात होतास. एवढे बोट लाव." दादंभटांस तो लाडू आठवला, तें पानही आठवले. मग त्यांनी उपरणे आवरोन घेतले आणि बोलिले, "मला विटाळ होईल, पंत."

अंताजीपंत हरले ऐसे ठरले. त्यांनी वाटी खाली ठेविली आणि त्याच दिवशीं राज्य सोडिले, आणि दादंभटांस शालजोडी मिळाली. वर मान ऐसा मिळाला की, दर सणास महाराजांनी पेजेंत लाळ सोडावी, आणि दादंभटांनी चाखोन मोठ्याने "गोड!" म्हणावे. सणामागून सण आले, आणि प्रत्येक वेळीं पेज खरोखरीच गोड लागे, आणि दादंभटांस जमिनींत जावेसे होई. मग त्यांचे तोंड सुकूं लागले. जेवतां घास टाळूस चिकटे. एके दिवशीं कुटुंबाने भाबडेपणे म्हटले, "अहो, नीट चावून खा, गोड लागेल." तेव्हां दादंभट पानावरून उठले, आणि माजघरांत कोणी नसतां पेजेची वाटी घेऊन बसले, की एकदां तरी आपली लाळ घालोन अंताजीचे खरे करावे, मग दरबारीं जाऊन सांगावे. गाल चोखिले, चिंच हुंगिली, लोणचे पुढे धरिले. एक थेंब आला नाही. पेज निवाली, वर साय धरली, आणि कुटुंबाने विचारिले, "ही टाकूं का?" तेव्हां त्यांस हो म्हणावयासही जीभ सुटेना.

सारांश, लाळ काय करिते हें त्या राज्यीं दोघांस ठाऊक होते. एकास घालविले, आणि दुसरा पुढल्या सणास शालजोडी पांघरोन पुन्हा गोड म्हणाला. इति मुखरसाचा वाद मिटला.