तेल लावलेली दांडी

भोक पाडायला माणूस कशाला बोलवायचा? हातात ड्रिल असलं की झालं! असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायकोने मुकाट्याने फोन जवळ घेऊन ठेवला. तिचा माझ्यावर फार विश्वास!

विषय सासूबाईंचा होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे आल्या होत्या. बाथरूमला जाताना लेकीचा हात धरावा लागतो, याचा त्यांना भारी संकोच. "एकदा एकटीने जाऊन आले ना, की मी जिंकले," म्हणायच्या. म्हणून मी पॅसेजच्या भिंतीसाठी स्टीलची दांडी आणली. तिच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांना एकेकच भोक होतं. मला मजबुतीसाठी आणखी एकेक हवं होतं.

"स्टील आहे, बिट तापेल. शिलाई मशीनचं तेल थेंबभर सोडा," बायको म्हणाली, "आणि नंतर दांडी साबणाने धुवा."

"तू मला शिकवणार?"

मी थेंबभर म्हणून अर्धी बाटली ओतली. भोकं मात्र लोण्यात पाडावीत तशी पडली! कीस झटकला, फडक्याने तेल पुसायला घेतलं आणि काय सांगू, फडकं फिरेल तिथे दांडी आरशासारखी चमकायला लागली. आता हिला धुवायची कशाला? उरलेली अर्धी बाटलीही मी तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळली आणि दांडी भिंतीवर बसवली.

"आई, या! आजपासून तुम्ही स्वतंत्र!"

सासूबाई चक्क केस विंचरून आल्या. लेकीला बाजूला सारलं, दांडी धरली, पाऊल टाकलं आणि हात जो सुटला तो थेट दुसऱ्या टोकाला! नशीब, तिथे धुवायच्या कपड्यांचा ढीग होता. त्या ढिगात बसल्या. बायको धावली, ती मी सांडलेल्या तेलावरून घसरून आईशेजारी! मी दोघींना उठवायला गेलो, तर माझेही हात तेलकट. अर्ध्या उठलेल्या दोघी पुन्हा ढिगात!

"जावईबापू," सासूबाई खालूनच म्हणाल्या, "मी इथे जड झाले असेन, तर सरळ सांगायचं होतंत."

"नाही हो आई! दांडी छान चमकावी म्हणून..."

"धुतली होतीत ना?" बायकोने विचारलं. मी छताकडे पाहू लागलो.

लागलं कुणालाच नाही. पण केस विंचरून आलेल्या त्या माउलीचा उतरलेला चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दांडी गरम पाण्याने, भांड्यांच्या साबणाने घासघासून धुतली. स्वतः लोंबकळून दाखवलं. सासूबाई हसल्यासुद्धा. पण दांडीला हात लावला नाही. लेकीचाच हात धरून गेल्या. इतकं वाईट मला नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसला गेली आणि आतून हाक आली, "जावईबापू, जरा हात द्या."

मला भरूनच आलं. म्हणजे माफी मिळाली! मी धावत जाऊन हात पुढे केला. सासूबाईंनी नॅपकिन घेतला, माझं मनगट खसाखसा पुसलं आणि त्यावर बोट फिरवून पाहिलं.

"असं नको," त्या म्हणाल्या. "साबणाने धुऊन या."