बुडेल, थोडं थांबा

शेवटच्या सराव-पाठासाठी भावी मास्तरानं आदल्या दिवशीच दगड निवडला होता. निवडला कसला, पारखला होता. मुठीएवढा, काळाकुट्ट, बुडण्यात कसलीही हयगय न करणारा. पाठ होता तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तूंचा. टाचणात शिक्षकानं काय बोलायचं ते डावीकडे लिहिलं होतं आणि मुलांनी काय बोलायचं ते उजवीकडे.

बी.एड.च्या कॉलेजातले बरोबरीचे लोक त्याला ‘मोजपट्टी’ म्हणत. मागच्या पाठात एका मुलीनं मध्येच शंका काढली, तर यानं तिला हात खाली करायला लावला, कारण टाचणात शंका शेवटी होत्या. पाठ तपासणाऱ्या बाईंनी शेरा दिला : लवचिकता नाही. पुन्हा असंच झालं तर वर्ष वाया, हेही सांगितलं. म्हणून या खेपेला त्यानं व्याख्या आणि आकृती संपल्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, ‘येथे लवचिकता दाखवणे.’

सकाळी आईनं त्याची पिशवी पाहिली. चारचौघांत, तेही बाईंसमोर, पोरगा मातीनं माखलेला धोंडा काढणार? तिनं तो कुंडीत टाकला, न्हाणीघरातला टाचा घासायचा करडा दगड स्वच्छ धुतला आणि रुमालात बांधून दिला. आईची माया आंधळी असते म्हणतात. वजनाच्या बाबतीत तर फारच.

वर्गात काचेच्या मोठ्या भांड्यात बटाटा सांगितल्याप्रमाणे बुडाला, लाकडी चमचा सांगितल्याप्रमाणे तरंगला. मोजपट्टीचा जीव त्याच भांड्यात पडला. आता दगडाचं काय होईल, असं त्यानं विचारलं आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बुडेल. उजवी बाजू तंतोतंत जुळली. टाचणावरची नजर न काढता त्यानं रुमाल सोडला आणि दगड पाण्यात टाकला.

“सर, नाही बुडाला.”

“बुडेल. थोडं थांबा.”

वर्ग थांबला. दगडही थांबला, पण वरच. मोजपट्टीनं त्याला बोटानं खाली ढकललं. हाकललेल्या मांजरासारखा तो परत आला. शेवटी त्यानं दगड तळाशी दाबून धरला आणि घाईघाईनं जाहीर केलं, “तर मुलांनो, दगड बुडतो.”

“तुम्ही धरलाय म्हणून,” पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी शांतपणे म्हणाली. “सोडा ना सर.”

मागच्या बाकावर बाईंचं पेन थबकलं. मोजपट्टीनं टाचणात डोकावून पाहिलं. लवचिकतेला अजून अवकाश होता. आधी व्याख्या होती, मग आकृती. बाही कोपरापर्यंत भिजली होती. त्यानं एक सुस्कारा टाकला, टाचण पालथं घातलं आणि बोट काढून घेतलं.

“मलाही कळेना,” तो म्हणाला. “का नाही बुडत हा?”

शिक्षकाला उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्या वर्गात बहुधा पहिल्यांदाच आला होता. सगळी पोरं भांड्याभोवती जमली. कुणाला दगडाची भोकं दिसली, कुणी आत हवा असणार म्हणालं. मग हवेचा बंदोबस्त सुरू झाला. डबा रिकामा तरंगला, पाणी भरल्यावर बुडाला. बूट तरंगला; तो कुणाचा, याची चौकशी मालकानंच मागाहून केली. दोन वेण्यांनी थेट बाईंकडे चष्म्याचं घर मागितलं, आणि बाईंनी ते दिलं, वर स्वतः पुढे येऊन नीट टाकायला लावलं. घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही. व्याख्या मुलांनीच केली, जरा वेडीवाकडी, पण स्वतःची.

“दगड मुद्दाम आणलात?” बाईंनी जाताना विचारलं.

“नाही बाई. आईनं बदलला.”

बाई हसल्या. मोजपट्टी उत्तम गुणांनी पास झाला आणि ओल्या बाहीनिशी गाणं गुणगुणत घरी गेला.

दुसऱ्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. हाच पाठ सगळ्या कॉलेजसमोर आदर्श म्हणून घ्यायचा होता. “जसाच्या तसा हवा,” ते म्हणाले. “तुमचं ते गोंधळणंसुद्धा. त्यातच खरी लवचिकता आहे.”

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी आरशासमोर उभा राहून गोंधळायचा सराव करतो. आई भाजी निवडत बघत असते.

“कालच्यापेक्षा बरं,” ती म्हणते. “पण सुस्कारा जरा लवकर पडतोय.”