थकलेले दिसले तर सोडू नका

काळजी करणाऱ्या बायका वेगळ्या. मी काळजी करत नाही, मी बंदोबस्त करते!

त्यामुळे नवऱ्याने जेव्हा जाहीर केलं, की तो ऑफिसातून लांबलचक रजा काढून घोडीवरून थेट समुद्रापर्यंत जाणार आहे, तेव्हा मी किंचाळले नाही. (म्हणजे, एकदाच किंचाळले. बाळ दचकलं म्हणून थांबले.)

"वाटेत खाणार काय? झोपणार कुठे?"

"अगं, अनोळखी माणसं फार चांगली असतात. करतात मदत."

"आणि नाही केली तर?"

"लहानपणापासूनचं स्वप्न आहे माझं! आत्ता नाही गेलो, तर पुढे गुडघे जाऊ देणार नाहीत."

महाराणी नावाची ती तपकिरी घोडी त्याला घेऊन वळणावर दिसेनाशी झाली, आणि मी बाळाला काखोटीला मारून स्वयंपाकघर ते गॅलरी येरझाऱ्या सुरू केल्या.

"अगं, टेक जरा," सासूबाई म्हणाल्या. "तू चाललीस तेवढं ती घोडीसुद्धा चालली नसेल!"

पण लोकांचा चांगुलपणा असा नशिबावर सोडून भागतं का? मी नवऱ्याच्या फोटोखाली निरोप लिहिला: 'हे गृहस्थ घोडीवरून येतील. लाजाळू आहेत. नको म्हणाले तरी वाढा. थकलेले दिसले तर पुढे सोडू नका.' मैत्रिणी, दूधवाला, बाळाच्या डॉक्टरांकडची नर्स, सगळ्यांना पाठवला. वर तळटीप: 'पुढे पाठवा.'

निरोप घोडीपेक्षा जोरात पळाला!

"काय देवमाणसं आहेत गं!" नवऱ्याचा पहिला फोन. "एका शिंपीणबाईंनी बळेबळे जेवू घातलं." मी गालातल्या गालात हसले.

"औषधवाल्याने दुकान बंद करून घरी नेलं. सकाळपासून चौथ्यांदा जेवतोय."

मग, "महाराणीलाही भरवतायत सगळे. खोगिराचा पट्टा लागत नाहीये तिला!"

आणि मग कुजबुजत, "एका सुताराकडे अडकलोय. निघतो म्हटलं की म्हणतात, चेहरा बघा, किती दमलाय! अगं, माझे जोडे लपवलेत त्यांनी!"

याचा चेहरा मुळातच दमलेला आहे! लग्नाच्या फोटोतसुद्धा तो नुकताच ट्रक रिकामा करून आल्यासारखा दिसतो. आता याला कोण सोडणार? रजा अर्धी संपलेली, आणि समुद्र होता तिथेच!

बंदोबस्त! बाटल्या, दुपटी, तापाचं औषध, सगळं पिशवीत कोंबून, बाळाला उचलून मी बस पकडली. लांबचा प्रवास म्हणून जीव मुठीत धरून बसले, तर बाळाची पहिली बाटली संपायच्या आत कंडक्टर ओरडला, "चला, उतरा!" इतक्या दिवसांत आमची स्वारी एवढीच पोचली होती!

सुताराच्या व्हरांड्यात नवरा उशांना टेकून बसला होता. गाल चांगलेच वर आलेले.

"तू कुणाला काही लिहिलं होतंस का?"

मी बाळाचं टोपडं नीट केलं. मग सुतारीणबाईंकडे वळून ठणकावलं, "सोडा त्यांना! चेहराच तसा आहे. मुळीच थकलेले नाहीत ते!"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "ते नसतील हो. पण तुम्ही? शेवटची सलग झोप कधी लागली होती?"

मला आठवेना. खरंच आठवेना!

त्यांनी माझ्या हातातून बाळ अलगद काढून घेतलं. "पाच मिनिटं पाठ टेका."

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. सुताराच्या मांडीवर बसून बाळ गुळगुळीत घासलेला ठोकळा चघळत होतं. नवरा नव्हता. घोडीही नव्हती!

"हे कुठे गेले?"

"समुद्राकडे! तुम्हीच म्हणालात ना, सोडा? आमच्या ह्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं."

"बरं झालं बाई! मग मीही निघते," म्हणत मी दाराशी आले.

माझ्या चपला नव्हत्या!

काल नवऱ्याने लाटांचा फोटो पाठवला. महाराणी पाण्याकडे संशयाने बघतेय. मी अजून सुताराकडेच आहे. रोज सकाळी निघते म्हणते, रोज बाई माझा चेहरा निरखतात आणि मान हलवतात. शेवटी सासूबाईंना फोन लावला, म्हटलं, तुम्ही तरी या बाईंना सांगा.

"सांगितलंय की," त्या म्हणाल्या. "तुझाच निरोप पाठवलाय. फक्त फोटो बदलला!"